आधी मला सांगा

उन्हाळा चढला तशा गाई पान्हा चोरायला लागल्या, आणि त्याच दिवसांत थोरलीच्या डाव्या हाताची सूज कोपराखाली उतरली. बोटं जाड झाली. आचळ मुठीत यायचं, पण मूठ वळायची नाही. मग ती उजव्या हातानं धार काढायची आणि डावा हात नुसता गाईच्या मांडीला टेकवून ठेवायची. गाईला ते पटायचं नाही. एकाच हाताची धार तिला नवखी वाटायची, ती पाय उचलायची, शेपटी तोंडावर फटकारायची. थोरली शिव्या द्यायची आणि पुन्हा बसायची.

थोरली म्हणजे घरातली थोरली सून. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं हाक मारली ती तशीच राहिली. सासू गेली, हाक राहिली. आता शेजारपाजारची पोरंसुद्धा तिला थोरलीच म्हणत.

मागच्या पावसाळ्यात शहरातल्या मोठ्या इस्पितळात तिची डावी छाती काढली होती. "साधी गाठ आहे. पुन्हा व्हायला नको म्हणून जरा जास्त काढली," नवऱ्यानं सांगितलं होतं. मग सलाइनी झाल्या. डोक्यावरचे केस पुंजक्यापुंजक्यानं उशीवर यायला लागले, खाल्लेलं सगळं उलटून पडायचं, तोंडात पितळ चघळल्यासारखी चव राहायची. "औषध गरम आहे, केस परत येतील," असं तोच म्हणाला. इस्पितळाच्या दारावर पाटी होती, थोरलीला वाचता येत होतं. पण पाटीवर 'ऑन्कोलॉजी' लिहिलेलं होतं. तो शब्द तिनं दोनदा जुळवून पाहिला आणि सोडून दिला. एके दिवशी नवरा म्हणाला, "संपलं तुझं औषध. आता जायचं नाही." त्या दिवशी तिनं गोठ्यात जाऊन गाईच्या गळ्यात हात टाकला होता. तेव्हापासून रोज सकाळी अनशापोटी एक पुडी होती. हिरवट, कडू, कोमट पाण्यातून. ताकदीची, म्हणे. धाकटा दीर कुठूनसा आणायचा.

पण ताकद काही येत नव्हती. कंबर दुखायची. धारेला बसलं की माकडहाडापासून कळ वर चढायची, आणि उठताना खांबाला धरावं लागायचं. वयानं होत असेल, असं ती स्वतःला सांगायची.

त्या सकाळी ती कॅन घेऊन दूध संकलनावर गेली. पत्र्याची खोली, ओली फरशी, आंबूस वास, आणि रांगेत कॅन मांडून उभ्या राहिलेल्या बायका. दूध मोजणाऱ्याला सगळे मापाड्या म्हणत. त्यानं तिच्या कॅनचं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि माप न बुडवता झाकण परत लावलं.

"वहिनी, हे राहू द्या."

"का? नासलंय?"

"नासलं नाही." तो मागच्या बायकांकडे बघत म्हणाला, "दूध दादांना घेऊन येऊ द्या. आणि धारसुद्धा दुसऱ्या कुणी काढली तर बरं. लोक कुरकुर करतात, माझ्याही पोटावर पाय येतो."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"हाताचं नाही ओ. तुमचा तो कॅन्सर. नाही म्हटलं तरी खाण्यापिण्याची वस्तू आहे."

थोरलीनं मागे वळून पाहिलं. तो दुसऱ्या कुणाशी बोलतोय असंच तिला वाटलं. मागे सुताराची बायको उभी होती. तिनं आपला कॅन पायानं हळूच बाजूला सरकवला.

"कुणाला कॅन्सर?" थोरलीनं विचारलं.

मापाड्याच्या हातातलं माप हवेतच राहिलं. बायका फरशीकडे बघायला लागल्या, आणि त्यांच्या त्या खाली घातलेल्या मानांवरून थोरलीला सगळं कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं. सुताराच्या बायकोला ठाऊक होतं, मापाड्याला ठाऊक होतं. गावाची अळीमिळी गुपचिळी चालली होती, आणि ती त्या गावातून रोज पुडी पिऊन हसत हिंडत होती.

"घरी विचारा, वहिनी," मापाड्या हलक्या आवाजात म्हणाला.

तिनं कॅन उचलला. डाव्या हातानं उचलला, सुजलेल्या. दुखलं तरी बदलला नाही. घरापर्यंत तिनं तो तसाच नेला.

नवरा गोठ्यामागे कडबा कापत होता. यंत्राचं चाक एका हातानं फिरवायचं, दुसऱ्या हातानं पेंढी आत सारायची. अंगावर भुस्सा, घामानं चिकटलेला. तिनं भरलेला कॅन त्याच्यासमोर ठेवला.

"परत आणलं?"

"घेतलं नाही."

"फॅट लागली नाही का?"

"मला कॅन्सर आहे म्हणून घेतलं नाही."

चाक आपल्या जोरानं आणखी दोन फेरे फिरलं आणि थांबलं. नवऱ्यानं पेंढी खाली ठेवली, हात झटकले, परत उचलली. त्याला ती धरायची कशी तेच आठवत नसावं.

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगितलं ते नका विचारू. कुणी सांगितलं नाही ते मी विचारते."

"अगं, तुला धक्का बसला असता. डॉक्टरनं बाहेर बोलावून मला सांगितलं, तेव्हा माझेच पाय लटपटले. म्हटलं, तुला कशाला..."

"अंग कुणाचं होतं?"

त्यानं पेंढीचा बंद सोडला आणि परत बांधला.

"छाती कापली ती कुणाची? ओकत होतं कोण? आणि पाय लटपटले तुमचे."

"चांगल्यासाठीच केलं गं."

"लेकीला ठाऊक आहे?"

त्यानं मान डोलावली. लेक सासरी होती, महिन्याकाठी फोन करायची, 'आई, जेवतेस ना नीट' म्हणून विचारायची. पोटच्या पोरीनंसुद्धा तोंड शिवून घेतलं होतं.

एवढ्यात धाकटा दीर ओट्यावरून खाली आला. हातात फोन. झोपेतसुद्धा त्याचा फोन हातात असायचा. "वहिनी, कशाला डोक्यात राख घालून घेता? आता सगळं आवाक्यात आहे. त्या सलाइनीनं तुम्ही अर्ध्या झाला होतात. आम्ही वेळेवर बंद केली म्हणून..."

तो बोलता बोलता थांबला. नवऱ्यानं मान दुसरीकडे फिरवली होती.

"बंद केली?" थोरली म्हणाली. "संपली होती ना?"

गाय दावणीला अंग घासत होती, साखळी वाजत होती.

"अजून घ्यायच्या होत्या," नवरा म्हणाला. "पण तुझे हाल बघवत नव्हते. तूच म्हणाली होतीस, आता पुरे करा."

"उलट्या पुरे करा म्हणाले. कॅन्सरचं औषध पुरे करा असं म्हणाले होते? मला ठाऊक होतं का ते कशाचं औषध आहे?"

"वहिनी, हे बघा तरी." धाकट्यानं फोन पुढे केला. पडद्यावर पांढऱ्या कपड्यातला एक माणूस बोलत होता, मागे हिरवी पानं हलत होती. "चाकू लागला की हा रोग पसरतो. सलाइन म्हणजे विष. हा माणूस पुडीवर रोगी बरे करतो. किती लोकांनी खाली लिहिलंय वाचा. मी स्वतः जाऊन भेटलोय. त्यानं माझ्याबरोबर फोटो काढलाय."

"त्यानं मला तपासलंय?"

"त्याला गरज लागत नाही. नाव सांगितलं की कळतं त्याला."

थोरलीनं त्याच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आली तेव्हा हा शाळेत होता, तिच्या हातचं जेवून वाढला. त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. असती तर तिला बरं वाटलं असतं. लबाडाच्या थोबाडीत मारता येते.

"चला," ती म्हणाली. "मला त्याच्याकडे घेऊन चला. दोघेही चला."

पुडीवाल्याची खोली बाजाराच्या गावी, टायरच्या दुकानावर होती. जिन्यात माणसं बसलेली. कुणाच्या नाकात नळी, कुणाच्या गळ्याला फडकं. एक म्हातारा भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटून बसला होता, त्याचा मुलगा वर्तमानपत्रानं वारा घालत होता. थोरली त्यांच्यामधून वाट काढत वर गेली तेव्हा तिचा राग पातळ झाला आणि तिथं दुसरंच काही तरी आलं. पण खोलीत शिरल्यावर राग परत आला.

पुडीवाला सतरंजीवर बसला होता. फोनमध्ये दिसायचा त्यापेक्षा बुटका. धाकट्याला पाहून त्यानं ओळखीचं हसू केलं. थोरलीनं पदर डोक्यावरून पुढे घेतला होता आणि अंगाभोवती लपेटला होता.

"या, ताई. चेहरा सांगतोय, उतार पडलाय."

"पुडीत काय असतं?"

"झाडपाला. निसर्गाचं देणं."

"कुठलं झाड?"

"ते सांगितलं तर गुण जातो."

"किती दिवस घ्यायची?"

"श्रद्धा असेल तर लवकर, नसेल तर उशीर."

थोरलीला हसू आलं, ते चांगलं हसू नव्हतं. "माझं दुखणं कुठं आहे, तेवढं सांगा."

पुडीवाल्यानं डोळे बारीक केले, धाकट्याकडे पाहिलं. धाकटा तोंड उघडणार तोच थोरली म्हणाली, "भाऊजी, तुम्ही बोलायचं नाही."

"पोटाच्या खालच्या अंगाला," पुडीवाला म्हणाला. "पिशवीत. बायकांचं बहुतेक तिथंच असतं. आता ती गाठ विरघळत आलीय. पुडी थांबवली तर उलटेल."

धाकट्याचा चेहरा उतरला. नवरा तर सतरंजीच्या कडेचा दोरा ओढत बसला होता, पोरासारखा. थोरली उठली. जिना उतरताना ती त्या म्हाताऱ्याच्या मुलाजवळ थांबली.

"वडलांना काय आहे ते त्यांना सांगितलंय?"

"नाही ओ," मुलगा दचकून म्हणाला. "हळू बोला."

ती तशीच खाली उतरली. रस्त्यावर आल्यावर धाकटा म्हणाला, "वहिनी, मी कधी तुमचं वाईट चिंतलंय का?"

"वाईट चिंतलं नाही. पण विचारलंही नाही."

दुसऱ्या दिवशी धारा उरकून पहिल्या गाडीनं ती शहरात गेली. नवरा मागून आला. तिनं ये म्हटलं नव्हतं, नको असंही म्हटलं नव्हतं. इस्पितळातली लांबलचक पडवी, लोखंडी बाकडी, फिनेलचा वास, आणि दारात उभं राहून ओरडणारा शिपाई: "पेशंटबरोबर कोण आहे? नातेवाइकांनी आत या." प्रत्येक वेळी कुणी तरी पुरुष उठून आत जायचा आणि पेशंट बाकड्यावर बसून राहायचा. आधी हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

शेजारी एक बाई बसली होती. डोक्याला स्वतः शिवलेली कापडी टोपी, मांडीवर शिवणाचं काम, काजं करत होती. बोलता बोलता कळलं की ती कपडे शिवते, तिला इथं येऊन बराच काळ झालाय.

"कशाला आलात?" थोरलीनं विचारलं.

"कॅन्सरला," शिवणवाली म्हणाली, सुईत दोरा ओवत. सर्दीला आले म्हणावं तसं. "तुम्ही?"

"मी पण. काल कळलं. दूध घालायला गेले तिथं."

शिवणवालीनं सुई खाली ठेवली. बाकड्यावर ती जरा जवळ सरकली. मग थोरलीनं सगळं सांगितलं, सलाइन, पुडी, कंबर. सांगून झाल्यावर विचारलं, "मग आता माझं काय होईल?"

"ते मला कसं ठाऊक? माझं छातीचं नाही, आतड्याचं आहे. तुमचं बघून सांगायला मी काय डॉक्टर आहे?" शिवणवाली म्हणाली. "आतल्या डॉक्टरीणबाई नवीन आहेत, विचारलं तर नीट सांगतात. न विचारता त्याही सांगत नाहीत. म्हणून विचारायचं ते घरून ठरवून यायचं. आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीत एक सिस्टर बसते, तिचं कामच आपल्याशी बोलायचं आहे. आम्ही काही जणी तिथं जमतो. रडतो, भांडतो, हाताची सूज उतरायचे व्यायाम करतो. तुमचा तो हात वेळेवर कुणाला दाखवला असता तर एवढा फुगला नसता."

थोरलीनं हाताकडे पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत तिच्याशी इतकं सरळ कुणी बोललं नव्हतं.

शिपायानं हाक दिली. "पेशंटबरोबर कोण आहे?"

नवरा सवयीनं उठला. थोरलीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो खाली बसला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं. त्यांनी यंत्रावर तिचं नाव काढलं. "तुम्ही मध्येच बंद केलंत. इथून फोनही गेले होते. घरून सांगितलं, पेशंट ठीक आहे, दुसरीकडे औषध चालू आहे."

"कुठल्या नंबरावर?"

बाईंनी नंबर वाचला. तो धाकट्याचा होता.

"त्या माणसाला छाती नाही," थोरली म्हणाली. "माझ्या आजाराचा फोन त्याला कशाला? आणि इथल्या डॉक्टरनंही माझ्या नवऱ्यालाच बाहेर नेऊन सांगितलं. मी काय मुकी होते? गुराला सुई टोचायची तर मालकाला विचारतात, तसं केलंत तुम्ही माझं."

बाईंनी यंत्राकडची नजर तिच्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "चुकलं आमचं. तुम्हालाच सांगायला हवं होतं."

थोरलीला वाटलं होतं त्या काही सबब सांगतील. सबब आली नाही. मग तिनं गाडीत ठरवलेलं विचारलं. हा रोग हात लावून लागतो का? दुधातून जातो का? बाई म्हणाल्या, नाही, दोन्ही नाही, सोबत जेवून नाही, एका अंथरुणात झोपून नाही. कंबरेबद्दल सांगितल्यावर मात्र बाई उठून मागे आल्या आणि मणक्यावर बोटं दाबत गेल्या. एका जागी थोरली कळवळली. बाईंनी तपासण्या लिहून दिल्या. "त्या झाल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. आणि पुडी आजपासून बंद. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही, तुम्हाला नाही, आणि देणाऱ्यालाही असेल असं वाटत नाही."

परतताना थोरलीनं नवऱ्याचा फोन मागून घेतला आणि कमरेला खोचला. "आजपासून हा माझा. इस्पितळात हाच नंबर दिलाय, कोपऱ्यातल्या सिस्टरचा नंबरही यात घातलाय."

त्यानं फोन उघडायचा आकडा तिला सांगितला.

संकलनावर ती दुसऱ्याच सकाळी गेली. या वेळी नवरा पुढे होऊन मापाड्याला म्हणाला, "हे बघ, डॉक्टरनं सांगितलंय..." थोरलीनं त्याला मागे सारलं.

"मला कॅन्सर आहे," ती म्हणाली, रांगेतल्या शेवटच्या बाईला ऐकू जाईल अशी. "तो दुधातून लागत नाही. हातातून लागत नाही. ज्याला शंका असेल त्यानं इस्पितळात फोन करावा, सिस्टरचा नंबर माझ्याकडे आहे. नसेल करायचा तर गप्प बसावं. माझ्या पाठीमागे बोलायचं आता शिल्लक काही ठेवलं नाही तुम्ही."

मापाड्यानं खरंच फोन लावला. बराच वेळ 'हो बाई, हो बाई' करत राहिला, कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत. मग त्यानं तिचं दूध घेतलं. सुताराच्या बायकोनं कॅन सरकवायचा तो सरकवलाच. थोरली तिला काही म्हणाली नाही. फोन करूनही काही माणसं सुधारत नाहीत, एवढं तिला कळत होतं.

तपासण्यांच्या दिवसांत तिनं कामाचं वाटप बदललं. शेण, पाणी, वैरण नवऱ्याकडे. अवघड गाई धाकट्याकडे. फोन हातात धरून धार काढता येत नाही हे त्याला पहिल्याच दिवशी लाथ खाऊन समजलं. तो मुकाट्यानं शिकला. थोरली त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. लेकीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "पुन्हा कधी मला सोडून माझ्याबद्दल बोललात तर तुझं तोंड बघणार नाही." पलीकडे लेक रडली. थोरलीनं ते रडणं ऐकून घेतलं आणि मग तिची विचारपूस केली.

निकालाच्या दिवशी पडवी खचाखच भरलेली होती. हवा हलत नव्हती. शिपायानं हाक दिली, आणि नवरा न उठता म्हणाला, "जा. मी इथं बसतो. आधी तू ऐक."

ती आत गेली.

डॉक्टरीणबाईंनी दार लोटलं, खुर्ची तिच्या जवळ ओढली आणि काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं. मणक्यात होतं. एका बरगडीतही. थोरलीला ते हाड वाळवी लागलेल्या वाशासारखं दिसलं.

"बरं होईल?"

"मुळासकट जाणार नाही. औषधानं दाबून ठेवता येईल. गोळ्या, महिन्याला एक इंजेक्शन. दुखणं कमी होईल, कामही करता येईल, पण जड उचलायचं नाही. काही बायका अशा पुष्कळ वर्षं काढतात, काही नाही काढत. तुमची किती, ते आज कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मी सांगितलं तरी."

"तेव्हा सगळ्या सलाइनी घेतल्या असत्या तर?"

"खोटं सांगत नाही. घेऊनसुद्धा काही जणींना परत होतो. पण न होण्याची शक्यता तुमच्या बाजूनं वाढली असती. तुमच्या एकटीचं काय झालं असतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

थोरलीनं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एक बारीक, एक सुजलेला. आतून संतापाची अशी लाट आली की टेबल उलटं करावंसं वाटलं. तिनं टेबलाची कड धरली, आणि लाट ओसरेपर्यंत धरून ठेवली. बाई तिथंच बसून राहिल्या, घड्याळाकडे न बघता.

ती बाहेर आली. नवरा उठून उभा राहिला. दाढी वाढलेली, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं. त्यानं विचारलं नाही, नुसतं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात इतकी भीती होती की थोरलीच्या जिभेवर आपोआप आलं, काही नाही, साधंच आहे. किती सोपं होतं ते. एवढंच म्हटलं असतं तर हा माणूस आज रात्री झोपला असता.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. ती त्याच्याशेजारी बसली.

"हाडात गेलाय. मणक्यात आणि बरगडीत. बरा होणार नाही, दाबून ठेवायचा. किती दिवस, ते ठाऊक नाही." तिनं श्वास घेतला. "आणि मी विचारलं, औषध पुरं केलं असतं तर काय झालं असतं. त्या म्हणाल्या, कदाचित झाला नसता. कदाचित झालाही असता. पण कदाचित झाला नसता."

त्याचा चेहरा आवळला गेला. तो तोंडावर हात घेणार, तर तिनं मनगट धरलं.

"ऐकून घ्या. तुम्हाला धक्का बसेल म्हणून मी लपवणार नाही. जे माझ्याकडे आहे ते तुमच्याकडेही राहील."

तो रडायला लागला, पडवीतल्या सगळ्या माणसांदेखत, आवाज न करता. बाकड्यावरच्या बायका बघत होत्या. थोरलीनं त्याला गप्प केलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. मनगट मात्र सोडलं नाही. तिचा राग अजून होता, आणि तो एवढ्यात जाणार नाही हेही तिला ठाऊक होतं. गोळ्या कुठल्या खिडकीवर मिळतात ते तिनं शिपायाला बसल्याबसल्याच विचारून घेतलं.

मग ती खांबाला धरून उठली.

"चला," ती म्हणाली. "गोळ्या घेऊ. गाडी चुकली तर संध्याकाळच्या धारा भाऊजींवर पडतील."